भावाच्या नावाचा रोट

आमच्या घरात उपासाची कुणाला भीती नव्हती. आई सोमवार धरते, बायको चतुर्थी धरते, मी स्वतः लग्नाआधी नवरात्रं नुसत्या पाण्यावर काढली आहेत. उपाशी राहणं आम्हाला येतं, आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवणंही येतं. या दोन्हींच्या मधे जे काही असतं ते आमच्या सात पिढ्यांत कुणी शिकवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे मागितलं ते नेमकं तेच.

धाकट्या भावाच्या किडन्या गेल्या होत्या. तो सुरतेजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला होता. डोकं दुखलं की गोळी घ्यायची आणि मशीनपुढे उभं राहायचं, एवढाच त्याचा दवाखाना. बीपी कधी मोजलंच नाही. पायांवर सूज आली, तोंड सुजलं, तेव्हा कुठे आम्ही त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथून डायलिसिसच्या खुर्चीवर. त्याच्या बायकोचं रक्त जुळलं नाही, आईचं वय झालेलं. राहिलो मी. माझं रक्त जुळलं त्या दिवशी आईने देवापुढे दिवा लावला आणि घरात तुपातला शिरा झाला. मी दोनदा वाढून घेतला.

मग डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं.

"भाई, किडनी अच्छी है," ते म्हणाले, "पर इतने वजन में हम आपको टेबल पे नहीं ले सकते." किती कमी करायचं ते त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, अंगावरून एक शाळकरी पोर उतरवून ठेवायला सांगताहेत. मी लगेच म्हटलं, उपास धरतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "उपवास बिलकुल नहीं. भूखे रहोगे तो आपकी ही रिपोर्ट बिगड़ेगी. जितना खाते हो उसका आधा खाओ, और रोज चलो. धीरे धीरे उतरेगा." बाहेर बाकड्यावर भाऊ बसला होता. त्याला हे 'धीरे धीरे' कसं सांगायचं, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न.

मी काही जन्माचा जाडा नाही. खान्देशातून सुरतेला आलो तेव्हा हाडांचा सापळा होतो, लूमवर बारा-बारा तास उभा राहायचो. पुढे कपडा मार्केटात एका दुकानात लागलो आणि गादीवर बसलो. दिवसभर मांडी घालून साड्या उलगडायच्या, गिऱ्हाइकासाठी चहा आला की आपणही घ्यायचा, फरसाणाची पुडी समोर उघडीच. सुरतचं जमण, म्हणजे जेवण, आणि काशीचं मरण, असं इथले लोक म्हणतात. काशीचं मरण कुणाच्या नशिबी असतं मला माहीत नाही; सुरतचं जमण मात्र मी वर्षानुवर्षं मनापासून केलं. पोट सुटलं तेव्हा गावाकडचे म्हणाले, शेठ झाला. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे कोसाडच्या आमच्या वसाहतीतून निघून अमरोलीच्या पुलापर्यंत चालायला लागलो. पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटेतच दम लागायचा आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसावं लागायचं. त्याच वेळी रातपाळी संपवून कारखान्यातली माणसं घरी परतत असायची. केसांत कापसाचे तंतू, डोळे लाल. एखादा जुना ओळखीचा विचारायचा, "मास्टर, सवेरे सवेरे किधर?" काय सांगणार? ही माणसं रात्रभर उभी राहून घरी भाकरी न्यायला निघालेली, आणि मी खाल्लेली भाकरी जिरवायला निघालेलो. मी नुसता हात हलवायचो.

चालणं एक वेळ जमलं. अर्धं जेवणं जमेना. सगळं सोडणं सोपं असतं, एकदा तोंड बंद केलं की काम झालं. अर्धी भाकरी खाऊन उठायचं म्हणजे रोज दोनदा स्वतःशी भांडायचं. कळण्याची भाकरी, भरीत, वर तेलाचा ओघळ, आणि त्यातलं अर्धं ताटात ठेवून हात धुवायचे? बायकोने माझं मोठं ताट माळ्यावर टाकलं आणि पोरांची छोटी ताटली पुढ्यात ठेवली. दुकानात वेगळीच तऱ्हा. "थोडुं तो चाले," म्हणून शेजारचा हातावर गाठिया ठेवायचा, नाही म्हटलं तर तोंड पाडायचा. आपल्याकडे माणूस कमी खायला लागला की लोकांना आधी तो आजारी वाटतो आणि मग गर्विष्ठ.

तरी काटा हलला. थोडा, पण हलला. डॉक्टर म्हणाले, बरोबर चाललंय. भाऊ आता बायको-पोरीसह आमच्याकडेच राहत होता; डायलिसिसहून येऊन भिंतीला टेकून बसायचा, बोलायची ताकद नसायची, तरी मी दिसलो की विचारायचा, "दादा, कितलं उतरनं?" मी आकडा सांगायचो. तो डोळे मिटून मान हलवायचा. त्या दिवसांत मला खरंच वाटलं होतं की जमेल.

मग श्रावण आला आणि कानबाई आली.

सुरतेत राहून आम्ही खान्देशी लोकांनी पुष्कळ गोष्टी सोडल्या, कानबाई सोडली नाही. या सणाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि त्याच्या पिठाचा रोट करतात. रोट म्हणजे त्या पिठाच्या पुरणाच्या पोळ्या, सोबत खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही, टाकायचा तर नाहीच, आणि नारळी पौर्णिमेच्या आत संपवायचा. आमच्या घरात आणखी एक समजूत आहे. ज्याच्या नावाचा रोट उरतो, त्याला ते बाधतं.

त्या वर्षी आईने पहिली मूठ भावाच्या नावाची घेतली. इतकी भरून घेतली की गहू बोटांतून सांडले. भावाला तर डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून दिलेलं. डाळ, गूळ, गंगाफळ सगळंच वर्ज्य. त्याने चिमूटभर रोट कपाळाला लावला, जिभेवर ठेवला आणि ताट सरकवलं. दोन चुलतभाऊ पुण्याला गेलेले, येऊ शकले नाहीत, त्यांच्या नावाचे रोटही आमच्याकडेच उरले. म्हणजे खाणारा पुन्हा मीच. मी आईला म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले ते तुला माहीत आहे. ती हळूच म्हणाली, "त्याना नावना रोट शे तो. उरी गया ते?"

अशा गोष्टी मी मानत नाही, असं म्हणणं सोपं आहे. भाऊ समोर भिंतीला टेकून बसलेला असताना, त्याची बायको दारात उभी असताना म्हणून दाखवावं कुणीतरी. मी पाट ओढला आणि बसलो. सकाळी पोळ्या, संध्याकाळी पोळ्या, दुधात कुस्करून, तुपात बुडवून. पौर्णिमेपर्यंत मी भावाच्या नावाचा कण न् कण संपवला. आई प्रत्येक वेळी रिकाम्या ताटाला हात लावून नमस्कार करायची. तिला वाटत होतं तो वाचतोय. खाताना मलाही तसंच वाटत होतं, आणि त्याच वेळी काट्यावरचा आकडा डोळ्यांपुढे नाचत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा तोंड उघडलं की ते मिटत नाही. मागोमाग पोळा, गणपती, कुणाकडे पंगत, कुणाकडे प्रसाद. चालणंही ढिलं पडलं. पुढच्या खेपेला काट्यावर उभा राहिलो तर उतरलेलं सगळं परत आलं होतं. घरी आल्यावर भावाने विचारलं, कितलं उतरनं. मी आकडा खोटा सांगितला आणि मोरीत जाऊन तोंड धूत बसलो.

मग मी पिसाळलो. दुकानातल्या एकाने सांगितलं होतं की त्याचा मेव्हणा नुसत्या काकडी आणि लिंबूपाण्यावर महिन्यात निम्मा झाला. मी धान्य बंद केलं. बायको हात जोडायची राहिली होती. "डाक्टरनी सांगेल शे ना, भूके राहू नका म्हनीसन." मी तिच्यावर खेकसलो, "उपास मला शिकवू नको." आणि वजन उतरलं ना. असं झरझर उतरलं की भाऊ पहिल्यांदा हसला, आईने शेजारणीला बोलावून मला दाखवलं. एक दिवस दुकानात साड्यांची थप्पी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी त्या साड्यांवरच आडवा झालो.

रिपोर्ट बिघडले. ज्या किडनीसाठी हे सगळं चाललं होतं तिच्यावरच ताण आलेला. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचाच मला राग आला. "धीरे का मतलब धीरे होता है, भाई," एवढंच म्हणाले. मी ओरडलो. म्हटलं, माझा भाऊ डोळ्यांदेखत वाळत चाललाय आणि तुमचं आपलं धीरे धीरे. केबिनबाहेरची माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरांनी मला पाणी दिलं, आणि पुन्हा तेच सांगितलं: आधी पोटभर नीट खाऊन तब्येत जागेवर आणा, मग अर्धं जेवण, मग चालणं. त्यांचं म्हणणं शब्दाशब्दाला खरं होतं. आमच्याकडे त्या खऱ्याइतका वेळ नव्हता, बस.

पुन्हा पहिल्यापासून. थंडी गेली, उन्हाळा गेला. छोटी ताटली, अर्धी भाकरी, अमरोलीचा पूल. आता मला दम लागत नव्हता, पण उत्साहही वाटत नव्हता. पुढच्या श्रावणात कानबाईचे गहू मोजताना आईने भावाच्या नावाची मूठ घेतली, क्षणभर थांबली आणि बोटं सैल केली. अर्धे गहू परत पोत्यात पडले. आयुष्यभर देवीला घाबरत आलेली बाई ती. तो रोट मी एका बैठकीत संपवला.

दिवाळीनंतर वजन बसलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्याही खाली. त्यांनी माझा हात हातात घेतला, नर्सला बोलावून म्हणाले, ऐसा पेशंट चाहिए. शुगर बरोबर, बीपी बरोबर. मी इतका हलका झालो होतो की जिना चढताना कठडा धरावा लागत नव्हता. ऑपरेशनच्या आधी म्हणून मग भावाच्या सगळ्या तपासण्या नव्याने झाल्या.

त्याचं हृदय थकलं होतं. डायलिसिसवर इतका काळ काढून पंपच कमजोर झाला होता. "अब उनका दिल ये ऑपरेशन नहीं झेल पाएगा," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, औषधाने सुधारेल? ते म्हणाले, देखते हैं. हॉस्पिटलात इतके महिने बसून या 'देखते हैं'चा अर्थ मला कळायला लागला आहे. मग मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. हेच गेल्या वर्षी झालं असतं तर? त्यांनी कागद गोळा केले, फाइलीत घातले. म्हणाले, असा विचार करू नका. मला उत्तर मिळालं.

वसाहतीत सगळीकडे माझं कौतुक चालू आहे. बायका माझ्या बायकोला अडवून विचारतात, काय खायला घालतेस. दुकानात शेठ नव्या पोरांना माझं उदाहरण देतो. जुन्या पँटी शिंप्याकडून आत घेऊन झाल्या. हे शरीर मी कुणासाठी सोललं ते त्यांना माहीत नाही, आणि कौतुक ऐकलं की मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

हॉस्पिटलातून आलो त्या संध्याकाळी मी माळ्यावरचं मोठं ताट स्वतः काढलं. बायकोला म्हटलं, वाढ. ती वाढत गेली. दोन भाकऱ्या, शेवभाजी, वर तर्री. भाऊ खाटेवरून उठून भिंतीचा आधार घेत आला आणि माझ्यासमोर बसला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण माझ्या ताटाकडे बघून त्याला सगळं समजलं असणार. पहिला घास मी उचलला तर त्याने माझं मनगट धरलं. हाताला जोर कसला तो नव्हताच.

"दादा, चालानं सोडू नको," तो म्हणाला. "मन्ही पोर लहान शे. तिले तूच देखशी."

मी रडलो, ताटावर बसून, बायकापोरांसमोर. तो रडला नाही. माझं होईपर्यंत मनगट धरून बसला. मग मी एक भाकरी काढून परत टोपलीत ठेवली, उरलेल्या भाकरीतली अर्धी मोडली आणि तेवढीच जेवलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घातले आणि निघालो. अजून रोज जातो. आता मी चालतो तो त्याच्यामागे उरायला.