तिची मुळं कुजली, माझी नाही

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या रूममेटनं प्रोजेक्टला एकच विषय घेतला. सागाचं झाड तोडल्यावर जमिनीत राहिलेली मुळं कशी कुजतात आणि त्यात बुरशी नेमकं काय करते. सीताबर्डीच्या बाजारातून मच्छरदाणीची जाळी आणली, तिच्या पिशव्या शिवल्या, त्यात मुळांचे तुकडे भरले आणि काटोल रोडला लागून असलेल्या जंगलात पुरले. रूममेट उमरेडच्या विणकरांच्या घरातली. तिचा टाका सरळ पडायचा, माझा वाकडा. मला तेवढंही खुपायचं.

जागा मी आधी निवडली. रस्त्याजवळची, उंचावरची, स्वच्छ. तिच्या वाट्याला नाल्याकाठचा चिखल आला आणि मी मनातून खूश झाले.

पावसाळा सरल्यावर उकरायला गेलो. तिची पहिलीच पिशवी बाहेर आली आणि मी बघत राहिले. मुळावर पांढरी बुरशी कापसासारखी पसरली होती. बोटानं दाबलं की लाकूड ओल्या पावासारखं दबत होतं. माझी मुळं पुरली तशीच निघाली, टणक.

"तुही मुळं तर जशीच्या तशी आहेत वं!" ती म्हणाली. ती हसली नव्हती, तरी मला हसल्यासारखीच वाटली.

परत येताना स्कूटरवर मागं बसून तिनं विचारलं, "काहून चूप आहे वं? कायचं टेन्शन घेऊन राहिली? माह्या अर्ध्या पिशव्या तू घे. मॅडमले काय समजते?"

"नको," मी म्हटलं. तिच्या या मोठेपणाचा तर मला जास्तच राग आला.

लॅबमध्ये प्रोजेक्टच्या मॅडमनी तिची स्लाइड बघायला सगळ्यांना बोलावलं. मला म्हणाल्या, "कोरड्या जागी बुरशी वाढत नाही, हाही निष्कर्षच आहे. लिहून टाक." मी लिहिलं. मार्क दोघींना सारखेच पडले. त्याचंही बरं वाटलं नाही.

पुढं तिनं बुरशीवरच संशोधन केलं. मी इथंच ज्युनिअर कॉलेजात शिकवते. ती जंगलातून फोटो पाठवते. मी ते मोठे करकरून बघते, एखादा धूसर आला असेल तर बरं, असं मनात येतं. मग "भारी!" असं लिहून पाठवते.

मागच्या रविवारी मला ती सोबत जंगलात घेऊन गेली. एका जुन्या खुंटाशी गुडघे टेकून माती उकरत होती. मी शेजारी आहे, हे तिला आठवतही नव्हतं. इतकं हरवून मी आजवर कशाकडे पाहिलंय, ते मला आठवेना.

"वास घेऊन पाह्य," म्हणत तिनं मुळाचा तुकडा पुढं केला. ओल्या मातीचा, अळिंबीचा वास होता.

"चांगला आहे," मी म्हटलं. ती केव्हाच पुढच्या मुळाकडे वळली होती.