दोरीचं भोक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. फाटकं बारदान, भंगार विकत घेत घेत मी ठेकेदार झालो. डोळ्यांना दिसत नाही त्याचा मी भाव करत नाही. तरी लिहितोय... कारण माझ्या त्या कामाला लोक अजून अपुरं म्हणतात.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. अकोल्यात गोऱ्या साहेबाच्या काळातल्या एका दगडी कचेरीत सूतिकागृह निघालं. वर टिनाचं छप्पर, उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. आमचं पहिलं मूल अशाच टिनाखाली, वैशाखात गेलं होतं. बायको पुन्हा दिवसांत होती, म्हणून ते काम मी भांडून घेतलं. कापसाच्या जिनिंगचा कचरा चुन्यात कालवून जुन्या पोत्यांत भरायचा आणि टिनाखाली बांबूंवर ती पोती रचायची.

कमिटीचे वकीलसाहेब म्हणाले, "कचऱ्याने खोली थंड होते काय?"

"तुमच्या कायद्यानं तर झाली नाही ना, साहेब."

काम झालं. राहिलं एक भोक — व्हरांड्याकडच्या भिंतीत, उंचावर. पूर्वी छताला कापडी पंखा होता. त्याची दोरी त्या भोकातून बाहेर जायची, व्हरांड्यात बसून एक नोकर ती ओढायचा. गणपत मिस्त्रीनं भोक बुजवलं की सकाळी गिलावा खाली. दर वेळी तेच. मी भडकलो.

"काहून रे, पानाचा चुना लावला काय?"

"मले काहून बोलता, भाऊ? पंखेवाल्याले दोरी ओढाले भोक लागत असन."

तेवढ्यात बायकोला कळा सुरू झाल्या, तिला तिथेच आणलं. भर दुपार. मी व्हरांड्यात, त्या भोकाखालीच बसून होतो... एकटा. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आत गेलो तर बायको म्हणाली, "त्या म्हाताऱ्याले च्या पाजा आधी. दुपारभर दोरी ओढून राह्यला होता बिचारा."

"कोणता म्हातारा?"

"तुमच्या बाजूले तर बसला होता. दारातून दिसे मले. काय हवा येत होती..."

छताला पंखा नव्हता. दोरी नव्हती. पोत्यांनी खोली थंड होते. वारा सुटत नाही.

बाळंतिणीशी वाद कशाला, म्हणून चहाचा कप भोकाखाली ठेवून आलो. परतलो तर कप विसळलेला, भिंतीशी पालथा घातलेला — साहेबाच्या काळातले नोकर ठेवायचे तसा. नर्सला विचारलं, गणपतला विचारलं. कोणीच हात लावला नव्हता.

वकीलसाहेब म्हणाले, भोक बुजवा, काम पुरं झालं म्हणतो. मी नाही बुजवलं. आजही ते चारचौघांत मला कामचुकार म्हणतात, आणि माझा तिळपापड होतो. पण त्यांना कारण काय सांगू? माझ्याकडेच नाही.

भोक मात्र तसंच आहे. पुन्हा वैशाख येतो, पुन्हा कोणाची तरी लेक तिथे बाळंतपणाला येते.