झिल्फावहिनीची पुठ्ठ्याची विमानं

स्वतःच्या गल्लीत तुम्ही कधी वाट चुकलात का? खरं सांगा, उगीच मान हलवू नका. ग्रँड बहामा बेटावरची झिल्फा लेंगही "छे!" म्हणायची, तेही कमरेवर हात ठेवून.

पंचेचाळीस साली अमेरिकेच्या नौदलाची पाच विमानं या समुद्रावर आली आणि नाहीशी झाली. कुठे गेली, आजही कुणाला ठाऊक नाही. जगाला ते गूढ वाटतं, झिल्फाला मात्र संताप यायचा. कारण त्यांच्या म्होरक्याने म्हणे खाली हीच बेटं पाहिली, आणि त्याला ती फ्लोरिडाची वाटली!

"आमची बेटं काय बटाटे आहेत, एकासारखं दुसरं दिसायला?" जेवणासाठी शंखातल्या गोगलगायीचं मांस कुटता कुटता ती विचारी. लाकडी हातोडा असा आदळे की उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी जंकनू, म्हणजे ढोल-घंटांची मिरवणूक. तिथे गावच्या सोंगांची म्होरकी कायम तीच. त्या वर्षी तिने पुठ्ठ्याची पाच विमानं केली, रंगीत कागदांच्या झालरी लावून. पहिल्यात स्वतः शिरली. घर कसं ओळखायचं ते जगाला दाखवणार होती ना!

दुसऱ्या विमानात दीर होझिया. "वहिनी, नाक जरा लांब झालंय. विमानाचं म्हणतोय मी."

"वाट चुकले तर पुढच्या वर्षीपासून म्होरके तुम्ही, भावोजी. मी मागे घंटा बडवीन!"

त्या नाकापायी तिला फक्त पायाखालचं दिसत होतं. पण खुणा पाठ होत्या. फीस्टरांच्या दारातला शंखांच्या कवचांचा ढीग आला की डावीकडे. ढीग आला. ती वळली.

"वहिनी, हा ढीग कूपरांचा! इथून डावीकडे समुद्र आहे!"

"म्होरकी कोण? गप मागून या!"

चौघे गप मागून गेले. ढोलवाले मात्र सरळ चौकाकडे गेले.

"वहिनी, पाय ओले झाले."

"घाम असेल!"

घाम गुडघ्यापर्यंत चढला तेव्हा ती थांबली. पंख लोंबले, नाक गळून पडलं, आणि समोर दिसला नुसता समुद्र. तिकडे चौकात गाव वाट बघत बसलं. पाचही विमानं गायब!

दुसऱ्या दिवशी होझिया घंटा घेऊन दारात उभा. झिल्फाने ती घेतली. मग हातोडा खाली ठेवून म्हणाली, "वरून सगळे ढीग सारखेच दिसतात हो, भावोजी."

त्या वैमानिकांची टिंगल तिने पुन्हा केली नाही, कुणाला करूही दिली नाही. तुमच्यासमोर कुणी केलीच, तर एवढं करा: त्याच्या डोक्यावर एक खोका घाला आणि म्हणा, "जा बाबा, आता चालत घरी जाऊन दाखव."