माहेरच्या मांडणीची गिटार

पुंडलिक म्हात्रे लग्नाला गेले तरी आधी चौरंगाला टिचकी मारून कान लावतात, मग नवरदेवाकडे बघतात. हाटकेश भागातल्या एका गाळ्यात ते गिटारी दुरुस्त करतात. परदेशी लाकडाशिवाय गिटार बोलत नाही, हे त्यांना कधी पटलंच नाही.

"फणसाचा मृदंग बोलतो, मग गिटारीनं काय पाप केलंय?"

जेसल पार्कात मुलांना गिटार शिकवणारी विनिता एकदा म्हणाली, "करा काका. दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात तीच वाजवीन. पण कानाला पटली तरच हं!"

पुंडलिकांना एवढंच हवं होतं. नवघरच्या घराच्या अंगणात पडलेलं फणसाचं झाड त्यांनी चिरून घेतलं. मिठागरावर काम करणारे त्यांचे वडील दरवाज्यांचं लाकूड खाडीत बुडवून ठेवत, म्हणजे कीड लागत नसे. पुंडलिकांनीही फळ्या तशाच बुडवल्या, वाळवल्या, वाकवल्या. मधाच्या रंगाची देखणी गिटार झाली.

श्रावणातल्या दमट दुपारी विनितानं तारा छेडल्या. उशीत तोंड खुपसून कुणी गावं, तसा आवाज आला.

"काका, हिला सर्दी झालीय."

पुंडलिकांनी गिटारीच्या पाठीवर बोट फिरवलं. ओलसर. ते जिभेला लावलं. खारट! लाकडातलं मीठ हवेतला ओलावा ओढत होतं.

घरी त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई हसून हसून खाली बसल्या. "अवो, दरवाजा बुडवतात तसा गिटार बुडवला? मिठागर सुटला, तुमचं मीठ न्हाय सुटलं!"

आता खाडी न पाहिलेलं, मुरलेलं लाकूड हवं होतं. ते पुंडलिकांना जेवताना समोरच दिसलं. पुष्पलताबाईंच्या माहेराहून, वाडा तालुक्यातल्या डोंगरातून आलेली डब्यांची मांडणी. उभ्या फळ्या फणसाच्या, आडव्या शिवणीच्या लाकडाच्या. चुलीवरच्या उबेत वर्षानुवर्षं सुकलेल्या. त्यांनी हळूच टिचकी मारली. फळी घुमली.

"हात न्हाय लावायचा. माझ्या बापानं केलीय."

 पुंडलिक प्रत्येक घास मांडणीकडे बघत आणि उसासा टाकत खाऊ लागले. आठवडाभरात पुष्पलताबाईंनी स्वतःच डबे खाली उतरवले.

"घ्या. पण वाजली न्हाय ना, तर हे डबे तुमच्या डोक्यावर ठेवीन."

नवी गिटार झाली त्या दिवशी पुष्पलताबाईही गाळ्यात आल्या, चांगलं लुगडं नेसून. विनितानं पहिली तार छेडली आणि थांबली. पुन्हा छेडली. मग वाजवतच राहिली. शेजारच्या गाळ्यातलं यंत्र कुणीतरी बंद केलं.

"काका, ही माझी. लोक विचारतील, कुठलं लाकूड म्हणून सांगू?"

पुंडलिकांनी तोंड उघडायच्या आत उत्तर आलं, "माझ्या माहेरचं हाय म्हणून सांग!"

डबे अजून जमिनीवरच आहेत. पुंडलिक नवी मांडणी करतायत, आणि प्रत्येक फळी पुष्पलताबाई आधी चाटून बघतायत.