अमेरिकेसाठी ठेवलेली खुर्ची

अंबाबाईची शपथ, खाली लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त एक गोष्ट मी पदरची घातली आहे. शपथ घेताना ती लक्षात नव्हती, एवढंच!

एका खोलीत दर रविवारी तीच तीन माणसं बसली की किस्से वायरींसारखे साठतात. एक ओढावी तर गुंता होऊन चार बाहेर येतात. आमची खोली शाहूपुरीत, हार्डवेअरच्या दुकानावर. तिथं माझं यूट्यूब चॅनल. कॅमेरा माझा, माईक सर्जेरावचा आणि बोलणं इंगवले सरांचं. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, विषय एकच: अमेरिका. कोल्हापुरात हे ऐकणार कोण, असं मला वाटायचं. पण आमच्याकडं राजकारण असलं की झालं, ते कुठलं हे कुणी विचारत नाही!

*

पहिल्याच दिवशी सरांनी समोर एक खुर्ची मांडायला लावली. लोखंडी, घडीची, मांडवातली असते तसली.

सर्जेराव म्हणाला, "सर, पावणं यायचं हायत व्हय?"

"अमेरिका बसणार आहे तिथं," सर म्हणाले. "मी तिच्यावर टीका करणार. मग तिची बाजू नको ऐकायला? दुसरी बाजू न ऐकता बोलणं म्हणजे इतिहास नव्हे, चुगली."

आणि खरंच! दर मुद्द्याला सर थांबायचे, खुर्चीकडं वळून "बोला, तुमचं काय म्हणणं?" विचारायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मग उत्तर द्यायचे.

मी कॅमेऱ्यामागं हसू दाबत होतो. सर्जेरावनं खिडकीतून खाली ओरडून विचारलं, "च्या तीन सांगू का चार?"

सर न हसता म्हणाले, "चार."

*

एकदा सर्जेरावनंच सरांना छेडलं. "एवढ्या लांब जाऊन भांडणं कशाला करत्यात हो ही माणसं? घरात काम न्हाय व्हय?"

"घरासाठीच करतात," सर म्हणाले. "शेजाऱ्याशी भांडणारा माणूस बघितलास? तो ओरडतो शेजाऱ्यावर, पण ऐकवायचं असतं घरच्यांना. तिथला अध्यक्ष परदेशाला दम देतो, तो आपल्या मतदाराच्या कानावर जावा म्हणून. आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना स्वतःचं दार उघडं टाकतो. मग वारा त्याच्याच घरात घुसतो."

सर खुर्चीकडं वळले. "खोटं आहे का?"

खुर्ची करकरली. पंखा बंद, खिडकी बंद, आम्ही तिघं जागच्या जागी.

सर्जेराव हळूच म्हणाला, "पटलं वाटतं त्येस्नी!"

*

राधानगरीच्या एका दूधवाल्याचा फोन आला. सरांचा मोठा चाहता. एपिसोड लावल्याशिवाय म्हशी पिळत नाही म्हणे.

"पावणं, झकास चाललंय तुमचं! पर एक करा की. सरांचा आवाज खणखणीत हाय, त्या दुसऱ्या मानसाचा लई बारीक येतोय. जरा वाढवा!"

मी खूप हसलो. सर्जेरावला सांगितलं, तो हसला नाही. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मला वाटलेलं, त्यो आवाज मलाच येतोय."

*

एपिसोड लांबायला लागले, म्हणून मी एडिटिंगमध्ये सरांचे ते थांबे कापायचं ठरवलं. रिकामी जागाच ती, कापायला काय जातंय?

कापलं आणि बोलणं कळेना! मधेच सर "हे मान्य", मधेच "अहो, पण तो काळ वेगळा होता", मधेच कसनुसे होऊन "तुम्ही माझ्या घरचं काढू नका." प्रश्न नाहीत, नुसती उत्तरं. फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसावं तसं.

मी थांबे होते तसे परत जोडले. तेव्हा ध्यानात आलं की सर आताशा हरायला लागले होते.

*

'घरचं' म्हणजे अश्विनी. सरांची एकुलती एक लेक, बरीच वर्षं अमेरिकेत. काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं दुखणं हाताबाहेर चाललेलं आणि त्यांना लेक बघायची होती. पण तिचे तिथं राहण्याचे कागद अर्धवट. आली तर परत आत घेतील का, याची खात्री कुणी देईना. नवरा, मूल, नोकरी, सगळं तिकडं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तो देश आयुष्यभर वाचलाय. तुम्ही सांगाल तसं करते."

झालं! माणूस जगाला सल्ला देतो, लेकीला देताना जीभ टाळ्याला चिकटते.

त्या रविवारी विषय अमेरिकेच्या दाराचा. सर म्हणाले, "रेल्वे टाकायला चिनी मजूर घेतले, रूळ पडले, मग कायदा करून दार लावलं. आपल्या भारतीयांना दिलेलं नागरिकत्व कोर्टानं काढून घेतलं. दिलेलं परत घेणारा देश आहे हा." मग खुर्चीकडं वळले, बराच वेळ ऐकलं आणि पडक्या आवाजात म्हणाले, "हो, नंतर उघडलं दार. पण किती पिढ्यांनी?"

सर्जेराव न राहवून बोलला, "सर, मापी करा, पर ती पोरगी हाय, धडा न्हाय! बोलवा की!"



*

आणि हा शेवटचा. पुढच्याच रविवारची सकाळ. आमचा नियम असा की रेकॉर्डिंगआधी तिघांचे फोन बंद करून सर्जेरावच्या पत्र्याच्या पेटीत जायचे. तसे गेले.

सर बसले. समोरची खुर्ची रिकामी. त्या दिवशी सरांनी अमेरिका काढलीच नाही. सरळ खुर्चीला विचारलं, "बोलावू की नको?"

मग ऐकत राहिले. माझा हात कॅमेऱ्यावर अवघडला. शेवटी त्यांनी मान हलवली. "नाही पटत. ती दाराबाहेर अडकली तर तिचं लेकरू आईविना राहील. मी 'येऊ नको' सांगणार." आणि आम्हाला म्हणाले, "बंद करा."

सर्जेरावनं पेटी उघडून फोन दिला. सरांनी तो चालू केला, तोच वाजला. अश्विनी! सर कमी ऐकतात, म्हणून स्पीकर लावलेला.

"बाबा, आत्ता आपलं बोलणं झालं, लगेच तिकीट काढलं. आईला सांगितलंत का?"

सर पांढरे पडले. "मी... काय म्हणालो, बाळ?"

"असं काय करताय? तुम्हीच म्हणालात की, दार लावलं तरी आज ना उद्या उघडतं, आई परत मिळत नाही, ये!"

सर्जेरावनं पेटीकडं बघितलं. मी सर्जेरावकडं. पुराव्याशिवाय आयुष्यात वाक्य न बोललेला माणूस समोर बघत राहिला आणि सावकाश म्हणाला,

"हो. मीच म्हणालो. ये."

अश्विनी आली. आईजवळ राहिली. परत जाताना तिकडच्या विमानतळावर तिला बराच वेळ बसवून ठेवलं, पण आत घेतलं.

आता शपथेचं. यात मी रचलेली गोष्ट एकच. त्या सकाळी समोरची खुर्ची रिकामी होती, असं लिहिलंय ना? ती.