तात्यांनी नासवलेला टेक

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला टेक तात्यांनी नासवला.

आज तात्यांना जाऊन वर्ष झालं. आणि आज सकाळीच तो टेक, नासलेलाच, मी अख्ख्या अल्बमसकट ऑनलाइन टाकला.

हे तात्या कोण, ते सांगते.

माझा पहिला अल्बम मी बावधनच्या फ्लॅटमध्ये कपाटात डोकं घालून रेकॉर्ड केला होता. वरच्या मजल्यावरचा मिक्सर त्यात माझ्यापेक्षा चांगला ऐकू येतो. दुसऱ्यासाठी मी नोकरी सोडली. हाही फसला तर गुपचूप परत ऑफिस गाठायचं आणि गिटार माळ्यावर टाकायची, असं मनाशी ठरवलं होतं. घरी कुणाला बोलले नव्हते.

शांत खोली शोधत शोधत पौडच्या पुढे तात्यांच्या शेतावर पोचले. गोठ्याला लागून एक खोली, आत भाताचा पेंढा छतापर्यंत रचलेला. मी टाळी वाजवली. आवाज पेंढ्यात जिरून गेला. घुमला नाही, काही नाही.

"तात्या, खोली घेते. पण पेंढा काढू नका."

तात्यांनी मला खालून वरपर्यंत बघून घेतलं.

"लोकं म्हनत्यात आधी सगळं उचला, मग येतो. तुमी पेंढ्यासंगट ऱ्हानार?"

"राहणार नाही. गाणार."

"मंग म्हशीला इचारावं लागंल. पेंढा तिचा हाय."

ही चेष्टा नव्हती. तात्या रोज येऊन दोन-चार पेंढ्या उपसून न्यायचे. म्हणजे आमच्या स्टुडिओची भिंत रोज थोडी थोडी म्हैस खात होती. माझा रेकॉर्डिस्ट मित्र सलील डोक्याला हात लावून बसायचा. "अगं, कालचा साउंड आजच्याशी मॅच होत नाहीये. म्हशीला सांगा ना कुणीतरी!"

तिसऱ्या दिवशी तात्या पेंढ्या काखेत धरून दारात थांबले.

"ताई, एक इचारू? सकाळधरनं ऐकतोय. एक टेक घेऊ, आजून एक टेक घेऊ. दिसभर नुसतं टेकताय, मंग काम कवा करनार?"

सलील हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला.

तात्यांकडे दारात कुणीही आलं, पोस्टमन असो की वीजमीटरवाला, पहिला शब्द ठरलेला: "टेका जरा." मी त्यांना समजावलं की हा टेक वेगळा, गाणं एकदा पूर्ण गायचं म्हणजे एक टेक. त्यांना लगेच समजलं. पण विनोद सोडायला ते तयार नव्हते.

"किती टेकलात आज?"

"बावीस."

"कंबर धरली आसंल!"

शेवटचं गाणं मात्र जमेना. फक्त आवाज आणि गिटार, आड लपायला काहीच नाही. मी प्रत्येक वेळी इतकी जपून गायचे की गाणं परीक्षा दिल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या टेकला मी सलीलला म्हटलं, "हा शेवटचा. नाही झालं तर सोडून देऊ." आणि डोळे मिटून गायले. कुणासाठी नाही, कशासाठी नाही. शेवटचा सूर सोडला, गिटारची तार अजून वाजत होती, आणि मला कळलं की झालं, हेच ते.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"टेक आता, पोरी. लई झालं."

मी कडाडले. "तात्या, दारावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसला की. म्हनून तर थांबलो व्हतो. गानं सरल्यावर बोल्लो."

पेंढा न घेताच ते निघून गेले. आणि पुढचे चार दिवस फिरकले नाहीत.

मी पुन्हा कितीही वेळा गायले, तरी त्या टेकच्या जवळपाससुद्धा पोचले नाही. पाचव्या दिवशी माफी मागायला निघाले, तर तात्या ओढ्याकडून येत होते. डोक्यावर हिरव्या गवताचा भारा.

"रागावलात ना?"

"कशापायी? त्यो सलील म्हनला ना, पेंढा हलला की आवाज बदलतो. म्हून म्हशीला हिरवं घालतोय. तुझं सरंस्तवर भित्ताडाला हात लावत न्हाई."

सत्तरीचा माणूस चार दिवस ओढ्यावर गवत कापत होता, माझी भिंत शाबूत राहावी म्हणून.

मी त्यांना स्टुडिओत नेलं, हेडफोन लावला. गाणं त्यांनी मान हलवत ऐकलं. शेवटी स्वतःचा आवाज आला तसे दचकून मागे बघायला लागले.

"ह्यो मी व्हय? फाटक्या पत्र्यावानी वाजतोय की!"

मग म्हणाले, "पुन्यांदा लाव."

सहा वेळा ऐकलं. घरातून बायकोला, आमच्या काकूंना, हाताला धरून आणलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला माहीत झालं की मुंबई-पुण्याच्या गाण्यात तात्या आहेत.

"हे ऱ्हानार ना पर?" त्यांनी जाताना विचारलं.

"बघू," मी म्हटलं. सलील ते वाक्य कापणार हे मला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी तात्या दुपारी जेवून पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

माझं 'बघू' तसंच राहिलं.

नंतर सलीलने फार मेहनतीने ते वाक्य काढलं. गाणं चकाचक झालं. आम्ही दोघांनी ऐकलं आणि दोघांनाही ते ऐकवेना. आता शेवटचा सूर कुणासाठी थांबलाय तेच कळत नव्हतं.

मी म्हटलं, "तात्यांना परत आण."

सलीलने वाद घातला नाही. तो आधीच आणून बसला होता.

अल्बमच्या माहितीत लिहिलंय: आठवं गाणं, आवाज मी आणि तात्या. भिंत म्हशीची.

आज सकाळी काकूंना ऐकवलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं, जेवाय हाक मारल्यावानीच बोल्लेत की!" मग माझ्या हातातला फोन घेऊन गोठ्यात गेल्या. "हिला बी ऐकवू दे. हिनं बी सोसलंय."

म्हशीने कान हलवला. पहिला रिव्ह्यू चांगला आहे.

आता हा अल्बम चालो न चालो, गिटार माळ्यावर जाणार नाही. हे घरीही सांगून टाकलंय.

तात्या, तुमचं वाक्य राहिलं बरं का. लई फिरलात ओढ्यावर माझ्यासाठी.

टेका आता.