पंचफुलाबाईच्या नावाची अंडी

केनवडात पंचफुलाबाईच्या जिभेला सगळे भितात. नवराही भ्यायचा, म्हणूनच लवकर सुटला, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत, मला अजून तिच्या ओट्यावर चहा प्यायचाय. पण अंडं घ्यावं तर तिचंच. तिच्या कोंबड्या गावभर उंडारतात नि तिच्या एका हाकेवर घरी येतात.

या नावावरच पुतण्या जगदेवचा डोळा. त्याने शेतात पिंजऱ्यांची शेड टाकली, वाशीमच्या एका सुपरमार्केटात माल लावला आणि डब्यावर काकूचा फोटो छापला: ‘पंचफुलाबाईच्या मोकळ्या कोंबड्यांची अंडी’. तिची टोपलीभर अंडी तो नेई. डब्यात तीच जातात, असा तिचा समज. टोपलीभर अंडी अख्ख्या वाशीमला कशी पुरतात, हे तिला विचारायची आमच्यात कोणाची छाती?

मग पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचे हाल दाखवणारा कुठलासा व्हिडिओ फिरला नि गिऱ्हाइकं दुकानात विचारू लागली. दुकानाचा माणूस अनुप गिऱ्हाइकांना दाखवायला शूटिंग करून नेणार असं ठरलं. बाई आणि तिच्या मोकळ्या कोंबड्या दिसल्या तर ठीक, नाहीतर जगदेवचा माल बंद.

त्या सकाळी जगदेवने शेडमधल्या कोंबड्या आणून काकूच्या अंगणात सोडल्या. सोडल्या खऱ्या, पण त्या हलेनात. पिसं झडलेल्या, एकमेकींना खेटून उभ्या, जशी काही जाळी अजून आहेच.

“ह्या कोणाच्या रे?”

“तुह्याच समज, काकू. फक्त हाक मार.”

तेवढ्यात अनुप आला. त्याने मोबाइल समोर धरला. “आजी, दाणे टाका.”

तिने ज्वारी टाकली, हाक दिली. बैलबंडीखालून, उकिरड्यावरून तिच्या चार-दोन धावत आल्या नि टिपू लागल्या. बाकीच्या तशाच उभ्या. एक पुढे सरकायला गेली, तिचा पाय मुडपला, तिथेच बसली.

अनुप हळूच म्हणाला, “मी तुमच्या तेवढ्याच दाखवतो, आजी. तुम्ही फक्त म्हणा, सगळी अंडी ह्यांचीच.”

म्हातारीने पडलेली कोंबडी उचलली, एकमेकींना टोचू नये म्हणून शेडमध्ये कापलेली तिची चोच बोटाने चाचपली. आता शिव्या पडणार म्हणून आम्ही कुंपणाशी कान टवकारले. पण ती कोंबडीचा पायच सरळ करून पाहू लागली.

“बोल ना वं काकू,” जगदेव काकुळतीला आला. “माहं सारं बसून जाईन.”

“हिले चालताबी येत नाही, जगदेव.”

“ते मंग पाहू.”

“मंग माहं थोबाडबी मंगच पाह्य.”

आणि सासऱ्यासमोरही कधी तोंड न झाकणाऱ्या त्या बाईने पदर ओढून पार हनुवटीपर्यंत घेतला. अनुपने वाट पाहिली. पदर हलला नाही. त्याने मोबाइल खिशात घातला नि मोटारसायकलला किक मारली. जगदेव ज्वारी तुडवत, ‘साहेब, साहेब’ करत त्याच्यामागे धावला.